महायाजकपद आणि बोली

यहुदी धर्मात महायाजकाचा अधिकार केवढा थोर! यरुशलेमच्या मंदिरातील परमपवित्र स्थानी वर्षातून एकदाच, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो एकटाच प्रवेश करी. परंतु त्या वेळी तो सुवर्णजडित वस्त्रे उतरवून साधी तागाची वस्त्रे धारण करी, आणि लोकांच्या पापांकरिता बळी देण्यापूर्वी स्वतःच्या पापाकरिता बळी देई. आमच्या मते या पदाचे खरे तेज या नम्रतेत होते.

पुढे इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास यासोनाने अंतियोखस राजास द्रव्य देऊन हे पद मिळविले. काही वर्षांतच मेनेलाउसाने त्याहून ३०० तालांत रुपे अधिक देऊ करून ते पटकाविले. ज्या पदाची बोली लागते, त्याचा धाक राहील. आदर कसा राहावा?

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि ते पदही लयास गेले. म्हणून यहुदी धर्म बुडाला काय? मुळीच नाही, प्रार्थना व शास्त्राध्ययन यांच्या बळावर तो तगला. ख्रिस्ती लोकांनी तर, स्वतःचेच बलिदान देणारा ख्रिस्त हाच निरंतरचा महायाजक मानिला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हेच प्रतिपादन आहे.

यावरून आम्ही इतकेच म्हणतो की, मध्यस्थाची योग्यता त्याच्या वस्त्रांवरून वा दक्षिणेवरून नव्हे, तर आत्मशुद्धीवरूनच ठरली पाहिजे.