आमच्या शरीरावरचे संशोधन आमच्या गावी कधी पोचणार?



दर्यापूर-अकोटकडच्या कोणत्याही गावात बायांची बैठक घ्या. वेचणीच्या, निंदणाच्या मजुरीचे बोलणे संपले, की एखादी हळूच म्हणते, "अंगावरून पांढरं जाते, कंबर धरते." दुसरी म्हणते, "मले बी." मग 'बाईच्या जातीला हे चालायचंच' असे म्हणून विषय मिटतो.

हे 'चालायचंच' खोडून काढणारे संशोधन आपल्या विदर्भातच झाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. सरकारी लेखी तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी! बाईला विचारले तर विज्ञानही बदलते, हे या अभ्यासाने दाखवले.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला. १९९९ पासून तिथे १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचे चार गट केले गेले. तीन गटांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली, चौथ्याला फक्त नेहमीची सेवा. २००९ साली निष्कर्ष आले. या कर्करोगाने चौथ्या गटात ६४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४. एकदाच केलेल्या चाचणीने जीव वाचतात, हे जगाला कळले.

पण चौथ्या गटातल्या स्त्रियांचे काय? त्यांची तपासणी का केली नाही, यावर पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत मोठा वाद झाला. त्या भागात अशी तपासणी एरवीही मिळत नव्हती, असा युक्तिवाद झाला. आमचा प्रश्न नेमका हाच आहे. गरीब बाईला एरवी काहीच मिळत नाही, ही गोष्ट संशोधनाची सोय कशी होऊ शकते?

आणि त्यातून मिळालेल्या ज्ञानाचे तरी काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच चाचणी प्रथम करावी असे सांगितले. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नाहीत.

म्हणून गटांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी कोणत्या दिवशी होते, कोण करते? दोष निघाला तर अमरावतीच्या डफरीनला किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगला पोचवण्याची जबाबदारी कुणाची? संशोधनासाठी कुणी रक्त वा नमुना मागितला, तर माहिती मराठीत, मेळघाटात कोरकूत, मिळायला हवी. 'नाही' म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत, हे लिहून घ्या. निष्कर्ष गावात येऊन सांगण्याचा आग्रह धरा.

संशोधनाला आपला विरोध नाही. गडचिरोलीच्या त्या ६५० जणींमुळेच आज आपण 'चालायचंच'ला नाही म्हणू शकतो. पण शरीर आमचे असेल, तर निष्कर्षावरचा पहिला हक्कही आमचाच. गावात जे उत्तर मिळेल, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.