हौशी सरदारांचें पंचांग

पाश्चात्य देशांत मध्ययुगीन जीवन हौसेनें पुन्हा जगून पाहणारीं मंडळें गेल्या साठ वर्षांत फार वाढलीं आहेत. १ मे १९६६ रोजीं अमेरिकेंतील बर्कली येथें कांहीं मित्रमंडळींनीं एका घराच्या परसांत सरदारी द्वंद्वयुद्धांचा समारंभ केला, आणि त्यांतूनच ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. तिनें आपलीं ‘राज्यें’ पाडलीं आहेत, त्यांस राजे-राण्या आहेत, आणि १९७२ पासून चालत आलेल्या तिच्या ‘पेन्सिक’ नांवाच्या युद्धमेळ्यास पेन्सिल्वेनियांत एरवीं दहा हजारांच्या घरांत माणसें जमतात. आठवडाभर कचेरींत खर्डेघाशी करणारा गृहस्थ सुटीच्या दिवशीं चिलखत चढवून वेताची तलवार परजतो. रुग्णालयांतील परिचारिका तेराव्या शतकांतील तऱ्हेचा झगा शिवते. कोणी जुन्या पाकपुस्तकावरून रस्सा रांधतो, तर कोणी ल्यूट वाजवितो. या खटाटोपास हंसणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांपैकीं नव्हे. पोथ्या वाचून न कळणाऱ्या कित्येक गोष्टी सुई हातांत धरल्यानें कळतात, असें आमचें मत आहे. आमची तक्रार निराळी आहे, व ती या मंडळांच्या पंचांगाविषयीं आहे.

हौशी मंडळ चालविण्याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, मंडळें तत्त्वांच्या वादानें क्वचितच मोडतात. बहुधा तीं तारखांच्या वादानें मोडतात. लढवय्यांस मैदान व उजेड हवा. नर्तकांस दिवाणखाना व वादक हवेत. शिवणाऱ्यांस निवांत संध्याकाळ हवी. आचाऱ्यास आदल्या दिवसापासून मुदपाकखाना मोकळा हवा. सुटीचा दिवस मात्र सर्वांचा एकच. त्यांत कोणाची परीक्षा, कोणाची रात्रपाळी, कोणाचें तान्हें मूल. अशा वेळीं मंडळांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “हजेरी हीच निष्ठा, सरावास न येणारा आपला नव्हे.” दुसरा म्हणतो, “हौसेला बंधन कशाला? ज्याला जमेल तेव्हां त्यानें यावें.” आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, पण पहिल्याचा समाचार आधीं घेतला पाहिजे, कारण तो आपल्या हट्टास इतिहासाचा पोशाख चढवितो.

या पक्षाच्या म्हणण्यांत एक गोष्ट खरी आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. ढालीला ढाल लावून उभ्या राहणाऱ्या रांगेंत न सरावलेला मनुष्य घुसला, तर तो स्वतः दुखावतो व शेजाऱ्यासही दुखावतो. परंतु एवढ्यावरून मंडळाचा प्रत्येक मोकळा दिवस तलवारीच्या नांवें लिहून द्यावा, हा निष्कर्ष कोठून निघाला? वर सांगितलेल्या संस्थेचाच नियम पहा. युद्धकौशल्य, कला-विद्या आणि सेवा यांबद्दल ती ज्या सर्वोच्च पदव्या देते, त्या एकाच दर्जाच्या मानिल्या आहेत. राजा मात्र लढून जिंकणाराच होतो. जें लहान मंडळ या नियमाकडे पाठ करून केवळ सिंहासनाकडे पाहतें, त्या मंडळांत झगा शिवणारी व रस्सा रांधणारा हीं सभासद न राहतां बिनपगारी नोकर बनतात. मग तीं एक दिवस दिसेनाशीं झालीं तर नवल तें काय?

आतां यांच्या इतिहासाकडे वळूं. प्रत्यक्ष मध्ययुगांत तरी सर्वांनीं सदैव हजर राहावें असा दंडक होता काय? नवव्या शतकांत डेन लोकांशीं झुंजणाऱ्या आल्फ्रेड राजानें आपल्या फौजेचे दोन भाग केले होते. एक भाग चाकरीवर, तर दुसरा घरीं, असें अँग्लो-सॅक्सन बखरींत ८९३ च्या हकीकतींत नमूद आहे. पुढील काळांतही सरदारानें वर्षांतून चाळीस दिवस चाकरी करावी, हीच सामान्य मर्यादा समजली जात असे. उलट १०६६ सालीं हॅरल्ड राजानें नॉर्मन स्वारीच्या धास्तीनें आपली फौज उन्हाळाभर दक्षिण किनाऱ्यावर बसवून ठेविली. ८ सप्टेंबरच्या सुमारास शिधा संपला, माणसें थोपवितां येईनात, आणि तीं घरीं गेलीं. २८ सप्टेंबरास विल्यम किनाऱ्यावर उतरला! सर्वांस सर्वकाळ धरून ठेवूं पाहणाऱ्याचा हात ऐन वेळीं रिकामा राहतो, हा धडा ज्यांनीं त्या काळाची दीक्षा घेतली त्यांनींच विसरावा, हें चमत्कारिक नव्हे काय?

यावर कोणी जाणता प्रतिपक्षी म्हणेल कीं, आल्फ्रेडची योजनाही एकदां फसलीच होती. हें खरें आहे. डेन लोकांस वेढा घालून बसलेल्या तुकडीची मुदत भरली, शिधा सरला, आणि राजा दुसरी तुकडी घेऊन वाटेंत असतांनाच पहिली घरीं निघाली. परंतु येथें दोष पाळीचा नव्हता. दोन पाळ्यांच्या मध्यें पडलेल्या खिंडाराचा होता. तें बुजविण्यास नेमकी तारीख लागते, आणि आमचा आग्रह तारखेचाच आहे.

येथेंच दुसऱ्या पक्षाशीं आमचा मतभेद होतो. ज्याला जमेल तेव्हां त्यानें यावें, या बोलण्यांत औदार्य दिसतें. पण त्याचा परिणाम असा होतो कीं, नर्तक येतो तेव्हां वादक नसतो, आणि पन्नास पानांचें जेवण रांधावें तर पंगतीस बाराच माणसें येतात. आचाऱ्याच्या श्रमांची ही उघड हेळसांड आहे. या पक्षानें यॉर्क शहराचें उदाहरण पाहावें. तेथें कॉर्पस क्रिस्टीच्या सणास कारागिरांचे संघ चाकांच्या गाड्यांवर बायबलांतील कथांचीं नाटकें करीत. कोणतें नाटक कोणाकडे याची नगरसभेनें १४१५ सालीं केलेली यादी प्रसिद्ध आहे. नोहाची नौका बांधण्याचा प्रवेश जहाजें बांधणाऱ्यांकडे, ख्रिस्ताचें शेवटचें भोजन पाव भाजणाऱ्यांकडे. प्रत्येक संघ आपल्या प्रवेशाची तजवीज आपणच करी. पण त्या एका दिवशीं पहांटे साडेचारच्या सुमारास सर्वांनीं सज्ज असलें पाहिजे, हा हुकूम होता. धंदे अनेक, दिवस एक. आणि त्या दिवसाची ग्वाही सर्वांची.

मग मतें घेऊन दिवस ठरवावा, असें कोणी सुचवील. उपाय सोपा दिसतो, पण न्यायाचा नाहीं. दहांपैकीं सहांस शनिवार सोयीचा व चौघांस रविवार. प्रत्येक वेळीं मतें घेतलीं तर प्रत्येक वेळीं तेच चौघे हरणार. वर्षभरानें ते येईनासे होतात, आणि मग उरलेले सहा जण हळहळतात, “त्यांना गोडीच नव्हती!” गोडी नव्हती असें नाहीं, ती मोजण्याचें मापच खोटें होतें.

आमची सूचना थोडक्यांत अशी आहे. वर्षारंभींच चार-पांच सामाईक दिवस ठरवावे, कांहीं शनिवारीं व कांहीं रविवारीं. ते ठरवितांना ज्याचीं बंधनें सर्वांत अवघड त्यास प्रथम विचारावें: पाळीवर काम करणाऱ्यास, लेंकुरवाळीस, परीक्षेच्या विद्यार्थ्यास. ज्याचा आवाज मोठा त्यास शेवटीं विचारलें तरी चालेल. तो आपण होऊन सांगेलच. बाकीच्या दिवसांत प्रत्येक कलेनें आपली बैठक आपल्या सोयीनें भरवावी, आणि तिला तलवारीच्या सरावाइतकाच मान असावा. सामाईक दिवसाचा शब्द एकदां दिला कीं तो पाळावा. न पाळवला तर आचाऱ्यास वेळेवर कळवावें. लढवय्यांनीं आपल्या सरावाचा नियम आपल्यापुरता हवा तितका कडक ठेवावा. सराव चुकलेल्यास त्यांनीं रांगेंत खुशाल उभें करूं नये. परंतु पंगतींत त्याचें पान मांडलेलें असलेंच पाहिजे.