स्वस्त कॅमेरा, बरोबर घड्याळ

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ आकाशात सुमारे २० मीटर व्यासाचा अवकाशातील पाषाण फुटला. मोटारींत बसविलेल्या साध्या कॅमेऱ्यांनी तो टिपला आणि त्या चित्रणांच्या आधारे शास्त्रज्ञांनी त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढली!

विद्यार्थिमित्रहो, असा कॅमेरा हे मोजमापाचे साधनच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्ये सुमारे ५६ सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे चित्रे मोजून वेग काढता येतो. मात्र कॅमेरा न हलणारा हवा आणि त्याचे घड्याळ बरोबर हवे. अपघाताच्या चित्रणावरची चुकीची वेळ निरपराध माणसालाही गोत्यात आणील. म्हणून स्वस्त कॅमेरा खुशाल घ्या; पण घड्याळ आधी लावा.