केळ्याचा भाव आणि कलेचे मोल

दिनांक २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क येथील सदबीज या विख्यात लिलावघरात एक केळे विकले गेले. चंदेरी चिकटपट्टीने ते भिंतीस डकविलेले होते, एवढेच काय ते इतर केळ्यांहून त्याचे वेगळेपण. लिलावापूर्वी १० ते १५ लाख डॉलर येतील असा अंदाज जाहीर झाला होता. प्रत्यक्षात बोली ५२ लाखांवर थांबली, आणि लिलावघराचे शुल्क मिळून खरेदीदारास सुमारे ६२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने बावन्न कोटी रुपयांच्या आसपास रक्कम मोजावी लागली. कृतीचे नाव 'कॉमेडियन'; कर्ता इटालियन कलावंत मौरीत्सिओ कातेलान. २०१९ च्या डिसेंबरात मायामी येथील कलाबाजारात ही कृती प्रथम मांडली गेली, तेव्हा तिच्या एका प्रतीस १ लाख २० हजार डॉलर पडले होते. त्याही वेळी जगभर असाच गदारोळ उठला होता.

या गदारोळात दोन पक्ष स्पष्ट दिसतात. पहिला पक्ष म्हणतो, हे निव्वळ थोतांड आहे. असली कला आमच्या घरचे पाच वर्षांचे पोरही करील. दुसरा पक्ष म्हणतो, येथे केळे ही कला नसून त्यामागील विचार ही कला आहे. जो हसतो त्यास आधुनिक कलेची जाण नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी कितीही हमरीतुमरीवर आले, तरी मुळात ते एकाच चुकीचे भागीदार आहेत असे आमचे प्रांजळ मत आहे. एकास किंमत एवढी मोठी म्हणून कृती खोटी वाटते, दुसऱ्यास किंमत एवढी मोठी म्हणून ती खरी वाटते. बाजारात वस्तूस येतो तो भाव आणि मनुष्याच्या आयुष्यात तिला असते ते मोल, या दोन गोष्टी एक नव्हेत. ही जुनीच गोष्ट पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे, म्हणून हा लेख.

प्रथम उपहास करणाऱ्यांविषयी. 'हे कोणीही करील' असे म्हणून हसणाऱ्यांचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. १८७७ साली जॉन रस्किनसारख्या थोर टीकाकाराने व्हिस्लर या चित्रकाराच्या रात्रीच्या आतषबाजीच्या चित्रावर कडक टीका केली आणि त्याबद्दल २०० गिनी मागण्याच्या धाडसाचा समाचार घेतला. व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली निकाल त्याच्या बाजूने लागला, पण भरपाई म्हणून एक फार्दिंग, म्हणजे जवळजवळ कवडी, त्याच्या हाती पडली. आज ते चित्र मान्यता पावले आहे; रस्किनची तेवढी टीका मात्र त्याच्या लौकिकास लागलेला डाग ठरली आहे. पुढे १९२६ साली ब्रांकुशी या शिल्पकाराची 'अवकाशातील पक्षी' ही पितळी कृती अमेरिकेत उतरली, तेव्हा तीत पक्षी कोठेच दिसेना म्हणून जकातखात्याने तिला स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांच्या सदरात घालून किमतीवर शेकडा ४० जकात आकारली. १९२८ साली न्यायालयाने ही कृती कलाच होय असा निर्वाळा दिला. यास्तव नवे काही दिसताच जकातखात्याच्या कारकुनासारखी मुद्रा करणे शहाणपणाचे नव्हे, हे आम्ही प्रथमच मान्य करून टाकतो.

विचार हाही कलेचा विषय, किंबहुना कलेचे द्रव्य, होऊ शकतो हेही आम्हांस मान्य आहे. या पंथाचा मूळपुरुष मार्सेल द्युशाँ. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने जाहीर केले की, सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचीही कृती आम्ही प्रदर्शनात मांडू. परीक्षक नाहीत, निवड नाही. द्युशाँ स्वतः या संस्थेच्या चालकांपैकी एक. त्याने टोपणनावाची सही केलेले चिनी मातीचे एक मुतारीचे भांडे तेथे पाठवून दिले. संस्थेने स्वतःचाच नियम मोडून ते मांडण्याचे नाकारले आणि द्युशाँने राजीनामा दिला. ही थट्टा कोणास आवडो वा न आवडो, तिच्यात अर्थ होता. एका संस्थेने उदारपणाची प्रतिज्ञा केली होती. ती प्रतिज्ञा किती खोल आहे हे या भांड्याने मोजून दाखविले. थट्टा करणाराने त्यासाठी आपले पद सोडले. त्याला एक पैही मिळाली नाही, आणि ते मूळ भांडे तर पुढे हरवूनच गेले.

आता हेच माप 'कॉमेडियन'ला लावून पाहू. तिचे समर्थक सांगतात की, ही कृती म्हणजे कलाबाजाराचाच उपहास आहे. क्षुल्लक वस्तूस वेड्यासारखा भाव देणाऱ्या धनिकांची कातेलानने टर उडविली आहे. ठीक. पण ज्याची टर उडवावी त्यानेच आनंदाने टाळ्या पिटून ती विकत घ्यावी, हा उपहास कोणत्या जातीचा? संस्कृत नाटकांतील विदूषक राजाची मनसोक्त थट्टा करतो, आणि राजाही हसतो. कारण विदूषक राजाच्याच पदरी असतो, त्याच्याच मोदकांवर पोसलेला असतो. त्याच्या विनोदाने राजाचे सिंहासन डळमळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कातेलानने आपल्या कृतीस नाव मात्र नेमके दिले. तो दरबारातला विदूषक आहे, आणि दरबारी विनोदास बंडखोरी म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

हा अनुभव नवाही नाही. १९६१ साली इटलीतीलच पिएरो मान्झोनी याने नव्वद डबे सीलबंद केले. आत स्वतःची ३० ग्रॅम विष्ठा आहे अशी चिठ्ठी त्यांवर लावली, आणि प्रत्येकाचा भाव तितक्याच वजनाच्या सोन्याइतका ठेवला. कलावंताच्या नावाने काहीही खपते, हे त्यास दाखवायचे होते. परिणाम असा झाला की ते डबे खपले, आणि पुढे सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट किमतीस खपत राहिले. द्युशाँच्या हरवलेल्या भांड्याच्याही १९६४ साली प्रतिकृती झाल्या आणि १९९९ साली त्यांतील एकीस १७ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. २०१८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या लिलावात बँक्सीचे चित्र सुमारे १० लाख पौंडांस विकले गेले आणि हातोडा पडताच चौकटीत दडविलेल्या यंत्राने त्याच्या अर्ध्याअधिक भागाच्या चिंध्या केल्या. बाजार हादरला म्हणता? तेच चिंध्या झालेले चित्र २०२१ साली १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेले. बाजारास दिलेली चपराक बाजार लगेच मढवून भिंतीवर लावतो, आणि तिचा भाव वाढवितो. हे एवढ्या वेळा सिद्ध झाल्यावर तीच चपराक पुन्हा मारणारास धाडसी म्हणण्याचे कारण उरत नाही.

मग हे ६२ लाख डॉलर कशाचे पडले? केळ्याचे नव्हे, हे उघड आहे. ते केळे लिलावाच्या दिवशीच जवळच्या गाड्यावरून ३५ सेंटांस आणले होते, आणि नासले की ते बदलावयाचे असते. खरेदीदारास मिळते ते प्रमाणपत्र, आणि केळे कसे व किती उंचीवर डकवावे याच्या लेखी सूचना. समर्थक म्हणतील, विचाराचे पैसे पडले. पण विचार ही अशी चमत्कारिक वस्तू आहे की ती सांगताक्षणीच ऐकणाराची होते. या लेखाचा पहिला परिच्छेद ज्यांनी वाचला त्या सर्व वाचकांजवळ तो विचार पूर्णपणे येऊन पोहोचला आहे. खरेदीदाराजवळ त्याहून गुंजभरही अधिक नाही. व्हिस्लरचे चित्र शब्दांत कितीही वर्णिले तरी ते पाहण्याची गरज उरते. या केळ्याचे वर्णन केले की पाहण्यास काही उरत नाही. तेव्हा जे सर्वांस फुकट मिळते त्याचे ते पैसे असू शकत नाहीत. ते पैसे 'हे माझे आहे' एवढे म्हणण्याच्या हक्काचे आणि त्या म्हणण्याने होणाऱ्या गाजावाजाचे आहेत. आभासी चलनाच्या व्यापारात गबर झालेल्या जस्टिन सन या खरेदीदाराने नऊ दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांपुढे ते केळे खाऊन टाकले. त्याचे काहीच बुडाले नाही, कारण प्रमाणपत्र शाबूत होते. २०२३ साली सोलच्या संग्रहालयात एका विद्यार्थ्यानेही भिंतीवरचे केळे असेच खाल्ले होते, आणि तेथे दुसरे केळे लागले. एकाच कृतीत एक भुकेला विद्यार्थी ठरतो आणि दुसरा जगप्रसिद्ध रसिक ठरतो. मधले अंतर कलेचे नसून कागदाचे आहे.

येथे एक वजनदार आक्षेप येतो, त्यास उत्तर दिले पाहिजे. धनिकाने आपले पैसे केळ्यावर उधळले तर तुमचे काय गेले? १९७२ साली लंडनच्या टेट कलादालनाने कार्ल आंद्रे याची १२० विटांची रचना घेतली आणि १९७६ साली त्यावरून वृत्तपत्रांत काहूर माजले, तेव्हा निदान पैसा सार्वजनिक होता. जाब विचारण्याचा जनतेस हक्क होता. येथे तो कोठे आहे?

पैशाचा जाब आम्ही मागत नाहीच. आमची तक्रार निराळी आहे. कृतीचे मोल ठरविण्याचे आसन पूर्वी रसिक, टीकाकार, संग्रहालये आणि काळ यांचे होते. ते वेळोवेळी चुकत, रस्किन चुकला तसे. पण ते कारणे देत, आणि कारणांना उलट कारणांनी उत्तर देता येई. लिलावाचा हातोडा कारण देत नाही. आज त्या आसनावर तोच जाऊन बसला आहे. ज्या कृतीस भाव आला तिची बातमी होते. बातमी झाली की गर्दी जमते. गर्दी जमली की संग्रहालयास ती हवीशी होते. 'कॉमेडियन'ची एक प्रत २०२० साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने देणगी म्हणून स्वीकारली. ती त्याहून कमी गाजली असती तर स्वीकारली असती काय, हे वाचकांनीच ठरवावे. आणि दोष इतरांस कशाला द्यावा? आम्हीही या लेखाचा आरंभ किमतीनेच केला. तसा केला नसता तर किती वाचकांनी दुसरे पान उलटले असते? नुकसान होते ते येथे. ज्या शेकडो चित्रकारांचा व शिल्पकारांचा भाव सांगण्याजोगा नाही, त्यांच्या कृतींपुढे घटकाभर उभे राहण्याची सवयच आपण गमावून बसतो.

भाव आणि मोल वेगळे करता येतात याचा दाखला डेन्मार्कच्या एका न्यायालयाने दिला आहे. २०२१ साली तेथील आल्बोर्ग शहराच्या संग्रहालयाने येन्स हॉनिंग या कलावंतास सुमारे ५ लाख ३४ हजार क्रोनरच्या नोटा, आपल्या जुन्या कृतींप्रमाणे चौकटीत लावण्यासाठी, उसन्या दिल्या. त्याने कोऱ्या चौकटी पाठविल्या, नाव ठेवले 'पैसे घ्या आणि पळा', आणि नोटा ठेवून घेतल्या. संग्रहालयाने त्या चौकटी खुशाल मांडल्या, आणि पैशासाठी फिर्यादही केली. २०२३ साली न्यायालयाने कलावंताचे मानधन वजा घालून ४ लाख ९२ हजारांवर क्रोनर परत करावयास लावले. विचार तुझा, तो आम्ही पाहिला. पैसे मात्र मोजून परत कर. यात आम्हांस मोठा विवेक दिसतो.

आता त्या ३५ सेंटांच्या केळ्याकडे वळू. ते विकणारा मनुष्य बांगलादेशातून आलेला, सत्तरी उलटलेला वृद्ध होता. गाडाही त्याच्या मालकीचा नव्हता. तासास १२ डॉलर या मजुरीवर तो बारा-बारा तास तेथे उभा राही. आपण विकलेल्या केळ्यास काय किंमत आली हे वार्ताहराने सांगितल्यावर त्याला रडू कोसळले. खरेदीदाराने मग त्या गाड्यावरची एक लाख केळी घेण्याची घोषणा केली. आम्ही साधा हिशेब मांडून पाहिला. एकही दिवस न चुकता रोज बारा तास काम केले तर ६२ लाख डॉलर मिळविण्यास त्या वृद्धास ११८ वर्षे लागतील. आम्ही हा हिशेब केवळ करुणा उत्पन्न करण्यासाठी देत नाही. या सर्व प्रकरणात विचार करावयास लावणारी एक गोष्ट कोणती असेल तर ती हीच. आणि ती भिंतीवर नव्हती, बाहेर रस्त्यावर होती. कलावंताने ती दाखविली नाही. ती वार्ताहराने शोधून काढली.

फडके-खांडेकरांच्या काळापासून आपल्याकडे 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद चालत आला आहे. दोन्ही बाजूंस थोर लेखक होते. परंतु 'किमतीसाठी कला' असा तिसरा पक्ष कोणी मांडला नव्हता. तो आता न मांडताच प्रस्थापित होऊ पाहत आहे. त्यास आमचा विरोध आहे. कोणतीही नवी कृती समोर आली की वाचकांनी किमतीच्या चिठ्ठीवर क्षणभर हात ठेवावा आणि मग पाहावे: ती पुन्हा पाहावीशी वाटते काय? तिच्या कर्त्याने काही पणाला लावले आहे काय? तिच्यावाचून जे दिसले नसते असे काही दिसते काय? याच कसोटीवर आमचा निवाडा असा की, 'कॉमेडियन' हा एकदा हसू येण्याइतका बरा विनोद आहे, आणि तो एकदाच ऐकण्याजोगा आहे. तीस मोठी कला म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही, आणि तिला महापातक म्हणण्याइतकीही तिची योग्यता नाही.

मोल हा शब्द आपल्या भाषेने मोठ्या शहाणपणाने दोन ठिकाणी वापरला आहे: वस्तूच्या खऱ्या योग्यतेस आपण मोल म्हणतो, आणि घाम गाळून मिळविलेल्या वेतनास मोलमजुरी म्हणतो. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दुसऱ्या अर्थाचे मोल तासास १२ डॉलर होते. पहिल्या अर्थाचे मोल आत दिवाणखान्यात कोणी विचारलेच नाही.