दारातली पद्मिनी

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या दारात आच्छादनाखाली एक जुनी गाडी उभी असेल. कदाचित ती कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी असेल. नंबर लावून, दीर्घकाळ वाट पाहून घेतलेली. तिच्यातून आपण बाळंतीण घरी आणली, लेकीची पाठवणी केली, वडिलांना शेवटचे गावी नेले. आता मुले म्हणतात, "बाबा, ही विकून नवी घेऊ." आणि आपण विषय बदलता.

हा प्रश्न आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असे कोणी विचारील. कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. गाडी ठेवावी की विकावी, हा एक. आपण स्वतः गाडी चालवावी का, हा दुसरा. मुलांच्या मनात बहुधा दुसरा असतो, पण संकोचाने ते पहिला विचारतात. म्हणूनच वाद मिटत नाही. हे दोन्ही प्रश्न वेगळे करून पाहावेत.

आधी दुसरा घेऊ. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का? गाडी मागे घेताना मान पुरेशी वळते का? मधुमेहामुळे तळपायाची संवेदना मंदावली असेल, तर ब्रेकवर पाय नेमका किती दाबला आहे ते कळते का? झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी घेतल्यावर गुंगी राहते का? इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर वाहन चालवताना अचानक उतरू शकते, याचाही विचार व्हावा. यांपैकी एकाचेही उत्तर चिंताजनक असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांना व आपल्या डॉक्टरांना भेटावे. मोतीबिंदू काढल्यावर कित्येकांना पुन्हा निर्धास्त गाडी चालवता येते. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते व त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ही तपासणी केवळ उपचार म्हणून उरकू नये. लक्षात ठेवावे, नवी गाडी घेतल्याने डोळे नवे होत नाहीत.

आता गाडीकडे वळू. पद्मिनी चालवणे हे अंगमेहनतीचे काम आहे. पॉवर स्टिअरिंग नसल्याने खांदे व मनगटे भरून येतात. क्लच व ब्रेक जोराने दाबावे लागतात. अपघात झाला, तर एअरबॅग नाही. मागून धक्का बसला, तर मानेला आधार देणारी उशी बहुतेक गाड्यांत नाही. धुराची नळी गळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला वास नसतो. प्रवासात डोके दुखते, मळमळते आणि उतरल्यावर बरे वाटते, असे वारंवार होत असेल, तर ते वयावर ढकलू नये. गाडी तत्काळ तपासून घ्यावी.

नवी गाडी घ्यायचे ठरलेच, तर रंग व किंमत पाहण्यापूर्वी तिच्यात दहा वेळा बसावे व उतरावे. बसल्यावर नितंब गुडघ्यांच्या पातळीला किंवा किंचित वर राहावेत; फार खोल आसनातून उठताना गुडघे दुखतात. दार रुंद उघडावे. आपोआप गिअर बदलणारी गाडी डाव्या गुडघ्याला विश्रांती देते. मात्र आयुष्यभर क्लच दाबलेल्या पायाला ती सवय व्हायला वेळ लागतो. मोकळ्या मैदानात सराव केल्यावाचून रहदारीत जाऊ नये.

तिसरा मार्गही आहे. आठवड्यात दोनदाच बाहेर पडणे होत असेल, तर इंधन, विमा व दुरुस्तीचा वर्षाचा खर्च मांडावा. तेवढ्यात रिक्षा-टॅक्सी भागते का ते पाहावे. पद्मिनी घरी ठेवून रविवारी सकाळी नातवाला तिचे चाक धरू द्यावे आणि आपण शेजारी बसावे. तिची नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र व विमा मात्र चालू असावा. विकलीत, तर मालकी हस्तांतरण आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण करून घ्यावे. कागदोपत्री ती आपल्या नावावर असेपर्यंत जबाबदारी आपल्याकडेच राहते.

आता मुला-सुनांना व लेकी-जावयांना एक विनंती. परस्पर गिऱ्हाईक आणू नका, किल्ली लपवू नका. गाडी सोडणे म्हणजे त्यांच्यासाठी मनाला येईल तेव्हा निघण्याचे स्वातंत्र्य सोडणे असते. आणि ते तुटले की माणूस घरात कोंडतो, खिन्न होतो. "गाडी विका" म्हणण्यापूर्वी, मंगळवारी भजनाला आणि महिन्याच्या तपासणीला त्यांना कोण नेणार, हे ठरवून सांगा.

आणि आपण, वाचकहो, विषय बदलू नये. निर्णय आपल्या हाती आहे तोवर तो आपणच घ्यावा. अपघाताने घेतलेला निर्णय कोणालाच नको असतो.