सामानाजवळ कोण बसणार?

लालबागच्या एका मैत्रिणीनं विचारलंय, "आम्ही चार बिऱ्हाडं मिळून मे महिन्यात थायलंडला, फुकेतला जायचं म्हणतोय. मी साडी नेऊ की पंजाबी ड्रेस? पाण्यात काही मी जायची नाही. सामानाजवळ कुणीतरी बसायला हवंच ना!"

अहो, पण ते कुणीतरी म्हणजे दर वेळी तुम्हीच का? आपल्या गिरगाव-दादरच्या चौपाटीवर वर्षानुवर्षं हेच चाललंय. हे आणि मुलं लाटांत, आपण चपला, टॉवेल आणि भेळीचे पुडे राखत वाळूत. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण घोट्याच्या वर भिजलेल्या बायका किती निघतील? एवढा विमानखर्च करून तिथंही चपलाच राखायच्या, हे काही मला पटत नाही. चार बिऱ्हाडं आहात, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा. पहिली पाळी पुरुषांची! केसरीने 'माय फेअर लेडी' आणि पुढे वीणा वर्ल्डने 'वुमन्स स्पेशल' म्हणून नुसत्या बायकांच्या सहली काढल्या, त्या उगाच नाही भरल्या.

मात्र मे महिना बदलता आला तर बदला. फुकेत अंदमान समुद्राच्या काठी आहे. आपल्याकडे जूनमध्ये येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथं मे महिन्यातच पोचतो आणि ऑक्टोबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. तेव्हाची सहल स्वस्त पडते ती याचमुळे. मुलांची शाळा आड येत नसेल तर डिसेंबर ते मार्च उत्तम. नाताळची सुट्टी धरलीत तर खर्च चढेल, पण पाणी शांत मिळेल. तारखा बदलणार नसतील तर निदान मनाची तयारी ठेवा, की काही दिवस पाण्यात उतरता येणार नाही.

लाल बावटा लावलेला असेल तर पाण्यात जायचंच नाही, मग हॉटेलचे पैसे कितीही भरलेले असोत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या जागेवर जीवरक्षकांची नजर असते, तिथंच उतरायचं. पोहता येत नसेल तर कमरेच्या पुढे पाऊल टाकू नका. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नये, दम संपतो. तरंगत राहावं, हात वर करून हाक मारावी. पोहणाऱ्यानं आधी किनाऱ्याला समांतर जावं, ओढीतून सुटलं की मग वळावं. अजून सहा महिने हातात असतील तर शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर पोहायला शिकण्याची चौकशी करून ठेवा.

आता कपडे. साडी देवळाला, फोटोला नेा म्हणाल तर एक पुरे. पाण्यात मात्र साडी नकोच, ओढणीही नको. भिजलेली पाच वार पायांत गुंडाळली की पोहणारीसुद्धा घाबरते. लांब बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत विजारीचा पोहण्याचा पोशाख हल्ली सगळीकडे मिळतो. अंगही झाकतं आणि ऊनही लागत नाही. बांगड्या-अंगठ्या घरीच ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गेली ते कळतही नाही. मंगळसूत्र काढवत नसेल तर खोट्या मण्यांची आखूड पोत घाला, सोनं कपाटात राहू दे. उन्हाचं क्रीम नेताना डबीवर काय लिहिलंय ते वाचा. पोवळ्यांना अपाय करणारी काही रसायनं असलेली क्रीमं थायलंडनं 2021 पासून समुद्री राष्ट्रीय उद्यानांत बंद केली आहेत.

जेली फिश डसला तर चोळू नका, गोडं पाणीही ओतू नका. भरपूर व्हिनेगर ओतायचं आणि जीवरक्षकाला हाक मारायची. काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबालाच लावलेल्या असतात. आणि मुलांनी जेट स्कीचा हट्ट धरला तर आधी तिचे चारी बाजूंनी फोटो काढा. जुने ओरखडे दाखवून भरपाई मागणारे तिथं भेटतात.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या कोकणातलीच सामग्री: भात, नारळ, केळी, कैरी. मासे खाणाऱ्यांची चैनच, 'प्ला थू' म्हणजे बांगड्याचा भाऊबंदच. शाकाहारी बायकांनी मात्र सांभाळावं. नुसत्या भाजीतही माशाचा रस्सा, म्हणजे 'नाम प्ला', घालतात. 'जे' हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असला की तिथं मांस-मासळी नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. चतुर्थीची सोय झाली! तरी मेतकूट आणि दशम्या बरोबर असू द्यात.

आणि परतीच्या दिवशी ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आठवणीनं न्या, नाहीतर बॅग उघडल्यावर सगळ्या कपड्यांना एकच वास.