भट्टी मांडा, पण चुलीपासून दूर

सुगी सरली की हात रिकामे राहतात. घरीच तांब्यावर मीनाकारी करायचा विचार असेल तर चांगलंच आहे. पण भट्टी स्वयंपाकघरात मांडू नका. काचेची रंगीत पूड सुमारे ८०० अंशांवर तांब्यावर वितळते. काही रंगांत शिसं असतं, ते लेकरांच्या मेंदूला बाधतं. पडवी किंवा वेगळी शेड बघा, वारा खेळता हवा. बिनशिशाचेच रंग मागा. सांडलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तांबं साफ करताना आम्ल पाण्यात ओता. आम्लात पाणी कधीच नाही.

सोनार, लोहार अशा कारागिरांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. सरपंच मंडळी, त्या वेळी भट्टी कुठे मांडणार, एवढं विचाराच!